बांगडा खाल्ला, संशय जाऊबाईंवर

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आम्ही जांबोटीजवळचे. रविवारी थोरल्या जाऊबाईंकडे बांगड्याचं जेवण होतं. हात धुवायच्या आत चौघांची तोंडं लालबुंद, डोकं ठणकायला लागलं, अंगाला खाज. दवाखान्यात ॲलर्जी म्हणून सुई दिली, संध्याकाळी सगळे बरे. नुसतं अंडं खाल्लेल्या पोरांना काही झालं नाही. पण भावकीत जमिनीचं भांडण आहे, सासूबाई म्हणतात थोरलीनं रश्श्यात काहीतरी घातलं. तपासणीत कळेल का?

उत्तर : ताई, जाऊबाईंना आधी सोडा बघू. शेतातलं औषध घातलं असतं तर तोंडाला लाळ सुटली असती, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असत्या. आणि चौघांना एकदम ॲलर्जी कुठली होते? हे हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीत अंगात सुटतं तेच रसायन, इथं माशातून आलेलं. बांगडा, कुपा असल्या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा प्रथिनांचा घटक भरपूर असतो. बर्फ वितळला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, मग कितीही रटरटा शिजवा, ते जात नाही. चोर्ला घाटातून दुचाकीवर आलेल्या थर्माकोलच्या पेटीत मी हात घालून बघितलाय : वर बर्फाचा चुरा, तळाला कोमट पाणी. वासावरून कळेलच असं नाही. खाताना जीभ मिरी लागल्यासारखी चुरचुरली होती का, विचारा.

तपासणीत कळेल, पण मासा शिल्लक असेल तरच. फ्रीजरमध्ये एखादा तुकडा असला तर असू दे, हिस्टामिन तिथंही टिकतं. किलोमागे 200 मिलिग्रॅम ही कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची मर्यादा. भांडं घासून मोकळे झाला असाल तर मात्र विषय संपला.

हे मी ठेच खाऊन शिकलोय. नोकरीच्या सुरुवातीला खानापूरकडचा एक गडी आमच्याकडे शवविच्छेदनाला आला. किनाऱ्यावर कामाला असायचा, सुट्टीला येताना डब्यातून मासा आणलेला. जेवल्यावर ओठ बधिर, मग हातपाय, मग श्वास. शेवटपर्यंत शुद्धीवर होता म्हणे. फुप्फुसांत रक्त साकळलेलं, बाकी काहीच नाही. भाऊ डबा घेऊन आला होता. घाण मारतोय म्हणून मीच टाकायला लावला. व्हिसेरा, म्हणजे पोटातले अवयव, मिठाच्या पाण्यात घालून तपासायला पाठवला, फॉर्मवर लिहिलं ‘विषबाधा?’ एवढंच. प्रयोगशाळेनं नेहमीची कीटकनाशकं, धातू, अल्कलॉइडं म्हणजे वनस्पतींतली विषं बघितली आणि कळवलं, विष आढळलं नाही. महिन्यानंतर भावानं माशाचं वर्णन केलं, पोट फुगवणारा, काटेरी. केंड! त्याच्या गाभोळीत, काळजात टेट्रोडोटॉक्सिन हे नसा बंद पाडणारं विष असतं, आणि नाव लिहून मागितल्याशिवाय ते कुणी शोधत नाही. डबा राहिला असता तर निदान मागता आलं असतं.

तेव्हा तुकडा असला तर पिशवीवर तारीख घालून ठेवा. आणि मासेवाल्याला विचारा, त्या पेटीतले बांगडे आणखी कुणाकडे गेले? तिथंही तोंडं लाल झाली असतील तर जाऊबाई सुटल्या.