डब्यांची झाकणं

"मॅडम, सहा हजारांची खेळणी आणली, हा हातसुद्धा लावत नाही. मला घरी शिकवायला जमणारच नाही का?" खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच त्या आईने विचारलं. मुलगा साडेचार वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला), बोलण्यात सात-आठच शब्द. दोन बालवाड्यांनी परत पाठवलेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) विशेष मुलाला घरी शिकवणाऱ्या कितीतरी आया मला हेच विचारतात.

"मग तो दिवसभर करतो काय?"

"काही नाही हो. डब्यांची झाकणं ओळीने लावत बसतो. उचलली की रडतो."

शनिवारी मी घरी गेले. बाहेरच्या खोलीत अकरा खेळणी एकदम मांडलेली, त्यातली दोन गाणी म्हणणारी. मुलगा कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात पळाला. तिथे फरशीवर स्टीलची झाकणं होती, मोठ्यापासून छोट्यापर्यंत, एकही चुकलेलं नाही. मी म्हटलं, "ताई, लहान-मोठं याला येतंय की!" त्या तिथेच खाली बसल्या. दोन वर्षं त्या याला खोड म्हणत होत्या.

साच्यात आकार बसवायची लाकडी पाटी आज सगळ्या दुकानांत मिळते. ती मुळात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी एदुआर सेगँ या फ्रेंच डॉक्टरांनी वापरात आणली. 1907 मध्ये रोममध्ये बालगृह सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरींनी त्यांच्याच कामाचा आधार घेतला. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला परिसरातल्या साध्या वस्तूंतून शिक्षणाची साधनं केली. मग डब्याच्या झाकणाला कमी का लेखायचं?

आम्ही बाकीची खेळणी झाकून ठेवली. चार डबे, चार झाकणं, दिवसातून दोनदा दहा मिनिटं. झाकणं आईकडे. एक तिने लावायचं, एक त्याने. द्यायच्या आधी मनात दहा आकडे मोजायचे, त्याचा हात धरून करून घ्यायचं नाही. हे वाट बघणंच सगळ्यात जड जातं. चौथ्या दिवशी रडवेला फोन आला, "बंद करू का?" मी सांगितलं, झाकणं दोनच ठेवा, वेळ पाच मिनिटं करा.

नवव्या दिवशी त्याने आईचं मनगट ओढलं, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "दे."

घरातल्या वस्तू जरूर वापरा, पण चिंचोके, मणी अशा बारीक वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलाच्या हाती देऊ नका. आणि घरी शिकवताय म्हणून वाचा-उपचार (स्पीच थेरपी) थांबवू नका.

त्या आईची दुसरी भीती शाळेची होती. आता घरी ठेवलं तर पुढे दार बंद होईल का? नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयात जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने घरी शिकण्याचा पर्यायही दिलाय. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचं काम तेवढं आत्ताच सुरू करा, असं मी त्यांना सांगितलं.

परवा त्यांचा फोन आला. आजी पोळ्यांचा डबा बंद करत होत्या, तर नातू झाकण घेऊन आला आणि त्यांच्यासमोर धरून थांबला. "मॅडम, मी काही बोलले नाही. नुसती दहापर्यंत मोजत राहिले."