नव्याने रुजू झालेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने लसींचा साठा आणि लसीकरणातले बदल कसे सांभाळावेत?

डॉक्टर, तुम्ही लिहिलंय की डोंगराळ भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकतेच रुजू झालात, लसीकरणाची जबाबदारी अंगावर आली, आणि जो तो एकच सांगतो: 'उन्हाळ्यात लाइट गेली की लस गेली.' मी औषध निर्माण अधिकारी आहे, आरोग्य केंद्राची शीतसाखळी, म्हणजे लस थंड ठेवण्याची व्यवस्था, बरीच वर्षं सांभाळतोय. माझं म्हणणं असं की उन्हापेक्षा बर्फाची धास्ती जास्त ठेवा.

उष्णतेने बिघडलेली लस ओळखता येते. बाटलीवर व्हीव्हीएम, म्हणजे उष्णतेने रंग बदलणारी खूण असते, गोलात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तोवर लस वापरायची, तो गोलाच्या रंगाचा किंवा त्याहून गडद झाला की बाटली बाद. पण लस एकदा गोठून पुन्हा वितळली असेल, तर व्हीव्हीएमवर त्याची काहीच खूण उमटत नाही. चौकोन फिकाच राहतो आणि आतली लस निकामी झालेली असते. हिपॅटायटिस बी, पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), टीडी (धनुर्वात, घटसर्प), पीसीव्ही (न्यूमोकॉकस जंतूवरची), आयपीव्ही (पोलिओचं इंजेक्शन) या सगळ्या गोठण्याने बिघडणाऱ्या लसी. हिपॅटायटिस बी तर साधारण उणे अर्ध्या अंशालाच गोठते. यातल्या बहुतेक लसींमध्ये ॲल्युमिनियमचा क्षार असतो. गोठल्यावर त्याची रचना मोडते आणि फाटलेल्या दुधासारखे कण सुटतात. तशी लस टोचली तर कार्डावर तारीख पडते, सिस्टरचं काम झालेलं दिसतं, आई निर्धास्त होते. पण बाळाला जे संरक्षण मिळायला हवं, त्याची खात्री राहत नाही. म्हणूनच मला ही चूक सगळ्यात जास्त खुपते.

लस गोठते कुठे? बहुतेक वेळा लसीकरण सत्राच्या दिवशी सकाळी, आपल्याच टेबलावर. डीप फ्रीजरमधून आइसपॅक काढले तेव्हा ते उणे १५ ते उणे २५ अंशांवर असतात. लस पोचवणारा माणूस गाडी चालू ठेवून बाहेर उभा असतो, पाच उपकेंद्रांचे कॅरियर (लस नेण्याचे थंड डबे) भरायचे असतात, घाईघाईत तसेच कडक आइसपॅक आत जातात आणि पेंटाची बाटली त्यांना चिकटून बसते. योग्य पद्धत अशी: आइसपॅक आधी बाहेर काढून टेबलावर सुटे मांडायचे. त्यांना घाम फुटू द्यायचा. मग एकेक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की तो तयार. असे चार कॅरियरमध्ये, मध्ये झिपच्या पिशवीत लस. याला किती वेळ लागेल ते हवेवर अवलंबून. मे महिन्यात पटकन होतं, डिसेंबरच्या थंडीत बराच वेळ लागतो. त्यामुळे घड्याळ लावू नका, कानच वापरा. पहिले काही आठवडे कॅरियर भरताना तुम्ही स्वतः शेजारी उभे राहा. वैद्यकीय अधिकारी आइसपॅक हलवून बघतात हे एकदा दिसलं की हाताखालची माणसंही आपोआप बघू लागतात.

दुसरी जागा म्हणजे आयएलआर, लसी ठेवायचा खास फ्रिज. उन्हाळ्यात कुणीतरी थंडावा वाढवायला थर्मोस्टॅट फिरवून ठेवतो, थंडी आली तरी तो तसाच राहतो, आणि पहाटे तापमान २ अंशांच्या खाली उतरतं. बाटल्या तळाला किंवा भिंतीला टेकवून रचल्या असतील तर झालंच. गोठणाऱ्या लसी वरच्या बास्केटमध्येच हव्यात. आणि आपल्या पातळीवर डीप फ्रीजरमध्ये एकही लस ठेवायची नाही, पोलिओचीसुद्धा नाही. तो फक्त आइसपॅकसाठी.

शंका आली तर शेक टेस्ट करा. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम रात्रभर पूर्ण गोठवायची, तिच्यावर ठळक 'गोठवलेली' असं लिहायचं आणि सकाळी वितळू द्यायची. मग ती आणि शंकास्पद बाटली एका हातात धरून दहा-पंधरा सेकंद हलवायच्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवायच्या. अर्ध्या तासात शंकास्पद बाटलीतला साका गोठवलेलीइतक्याच किंवा तिच्याहून जास्त वेगाने तळाला बसला, तर त्या लसी बाद. सिस्टरांना हे एकदा डोळ्यांनी दाखवा. दहा प्रशिक्षणांत जे डोक्यात शिरत नाही ते इथे शिरतं. आयपीव्हीला ही चाचणी लागू नाही. आणि जी बाटली समोर गोठलेलीच दिसतेय, तिची परीक्षा कसली घेता? सरळ बाजूला काढा.

आता लाइटचं. आयएलआरच्या भिंतीत बर्फाचं अस्तर असतं आणि दिवसाकाठी आठ तास वीज मिळाली तरी तो तापमान टिकवतो. लाइट गेल्या गेल्या लोक झाकण उघडून थर्मामीटर बघतात, तेच करू नका. झाकण बंद ठेवा. ई-विन या ऑनलाइन प्रणालीचा लॉगर तापमान बघतोच आहे, मर्यादा ओलांडली की मोबाइलवर मेसेज येतो. तरीही सकाळ-संध्याकाळ हाताने नोंद हवीच, रविवारी आणि दिवाळीलासुद्धा. एका दमात, एकाच पेनाने भरलेला महिन्याचा तक्ता लगेच ओळखू येतो. असा तक्ता दिसला तर दुर्लक्ष करू नका.

बीसीजी (क्षयरोगावरची) आणि एमआर (गोवर-रुबेलावरची) या भुकटीच्या लसी. त्यांचं द्रावण, म्हणजे भुकटी विरघळवायचा द्रव, त्याच कंपनीचं हवं आणि आदल्या दिवसापासून आयएलआरमध्ये थंड केलेलं हवं. द्रावण मिसळलं की बाटलीवर वेळ लिहायची. चार तास झाले किंवा सत्र संपलं, जे आधी होईल तेव्हा ती बाटली बाद. यात तडजोड नाही. या लसींत जंतू रोखणारं परिरक्षक नसतं, आणि शिळ्या बाटलीतून दिलेल्या डोसाने बाळ दगावू शकतं. द्रावणाच्या ॲम्प्युलशेजारी दुसरं कुठलंही औषध ठेवू देऊ नका. २०१४ मध्ये सीरियातल्या इदलिब भागात गोवराच्या लसीत द्रावणाऐवजी स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं गेलं आणि पंधरा मुलं गेली. आपल्याकडे २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा मुलांना सॅनिटायझर पाजला गेला होता. ती मुलं सुदैवाने वाचली. हे सांगितलं की 'आयएलआरमध्ये फक्त लस आणि द्रावण' हा नियम समजावत बसावा लागत नाही.

ओपन व्हायल पॉलिसीबद्दल अजूनही घोळ दिसतो. पेंटा, डीपीटी, टीडी, हिपॅटायटिस बी, पीसीव्ही, आयपीव्ही आणि पोलिओचे थेंब यांची उघडलेली बाटली २८ दिवसांपर्यंत वापरता येते. अट अशी की उघडल्याची तारीख-वेळ तिच्यावर लिहिलेली हवी, व्हीव्हीएम चांगला हवा, मुदत संपलेली नसावी, आणि बूच पाण्यात बुडालेलं नसावं. परत आलेल्या बाटल्या वेगळ्या ठेवा आणि पुढच्या सत्राला आधी त्याच पाठवा. एमआर आणि बीसीजीला ही सवलत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. एकच बाळ आलं तर बाटली फोडायची की नाही? सिस्टरला धाकधूक असते की बैठकीत वाया गेलेल्या डोसांबद्दल विचारणा होईल, म्हणून ती 'पुढच्या महिन्यात या' म्हणते. ती आई परत येतेच असं नाही. एका बाळासाठीही बाटली फोडायची, हे तुम्ही लेखी द्या आणि बैठकीत तिच्या पाठीशी उभे राहा. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर उसळला, तो अशाच सुटलेल्या मुलांमध्ये फिरत होता. गोवर थोपवायचा तर शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत.

हिपॅटायटिस बीचा जन्मडोस २४ तासांच्या आत द्यायचा असतो. तुमच्याकडे शनिवारी रात्री बाळंतपण झालं तर आयएलआरची किल्ली कुणाकडे असते, एवढं आजच विचारून घ्या. ती माझ्यासारख्याच्या खिशात आणि तो आपल्या गावी, असं असेल तर त्या बाळाचा डोस हुकला. दुसरी किल्ली प्रसूतिगृहातल्या ड्यूटीवरच्या सिस्टरकडे ठेवा.

वेळापत्रकातल्या बदलांचं विचारलंत. परिपत्रक आलं की सही करून फाइलला लावतात, पण काम तिथून पुढे असतं. जानेवारी २०२३ पासून फ्रॅक्शनल आयपीव्हीचा (कमी मात्रेच्या पोलिओ इंजेक्शनचा) तिसरा डोस सुरू झाला, नवव्या महिन्यात, एमआरच्या पहिल्या डोसासोबत. एमआर उजव्या दंडात, हा डाव्या दंडात, त्वचेच्या आत ०.१ मिली. म्हणजे ०.१ मिलीच्या एडी (एकदाच वापरता येणाऱ्या) सिरिंजची मागणी वाढली. ती न वाढवता फक्त लस मागवली की सत्रात खोळंबा. जुन्या कार्डांवर या डोसाचा रकानाच नव्हता, तिथे हाताने लिहावं लागलं. आशाताईंच्या ड्यू लिस्टमध्येही (डोस बाकी असलेल्या मुलांच्या यादीत) तो यायला हवा होता. कुठलाही बदल आला की सिरिंज, कार्ड, ड्यू लिस्ट आणि मायक्रोप्लॅन (सत्रांचं नियोजन) या सगळ्यांवर काय परिणाम होतो ते एका कागदावर मांडा. कधीकधी बदल म्हणजे जुनं काढून टाकणं. २५ एप्रिल २०१६ ला तीन प्रकारांची पोलिओ लस बंद होऊन दोन प्रकारांची आली, तेव्हा जुनी एकही बाटली कुठल्या उपकेंद्रात मागे राहू नये म्हणून देशभर शोधाशोध झाली होती.

तुमच्या भागातून ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर कुटुंबं जात असतील, तर दसऱ्याच्या आधी त्यांच्या मुलांची यादी करा. देय असलेला डोस निघण्याआधी द्या आणि यू-विन या ऑनलाइन लसीकरण नोंदवहीवर नोंद करा, म्हणजे कारखान्याच्या तळावरच्या सिस्टरला पुढचा डोस कोणता ते दिसेल. परतलेल्या मुलाचा पेंटाचा दुसरा डोस चार महिने लांबला असला तरी पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही. पहिला डोस एक वर्षाच्या आत झाला असेल तर जिथे थांबलं तिथून पुढे चालू करा.

तुमच्या आयएलआरचं मॉडेल कोणतं आणि सध्या पहाटेचं तापमान किती येतंय ते कमेंटमध्ये लिहा. थर्मोस्टॅट कुठे ठेवावा आणि बास्केट कशी लावावी, ते बघून सांगतो.