पहिल्यांदाच सुटीतल्या शाळेचा वर्ग घेणारीला

पहिल्यांदाच व्हीबीएसचा, म्हणजे सुटीतल्या बायबल शाळेचा, वर्ग घेते आहेस, म्हणून मनापासून सांगते. मे महिन्यात नगरकडचं ऊन दहानंतर सोसत नाही. साडेसातला घंटा, साडेदहाला मुलं घरी. न्यायला कोण आलंय ते वहीत लिहिल्याशिवाय एकाही लेकराला सोडू नकोस.

गोष्ट एकच घे, पण पुरती रंगव. बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातलं हरवलेलं मेंढरू बघ; शंभरातलं एक हरवतं नि मेंढपाळ ते शोधायला निघतो. आपल्या मुलांनी शेतात बसवलेली मेंढरं, वाड्यावरची कोकरं डोळ्यांनी पाहिलीत. त्यांनाच विचार, शंभरातलं एक कमी झालं हे धनगराला कळतं कसं? माझ्या वर्गात एक मुलगा म्हणाला, "तो मोजत नाही बाई, ओळखतो." पुढे मला फार बोलावंच लागलं नाही.

पाठ करायला बायबलचं वचन दिवसाला एकच. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' टाळ्यांवर म्हटलं की बालवर्गालाही पाठ होतं. हस्तकलेला कापूस नि पुठ्ठा पुरे.

आणि हो, वस्तीतली मंडळीबाहेरची, म्हणजे आपल्या चर्चची नसलेली, मुलंही येतात. त्यांच्या आईवडिलांना आधी घरी जाऊन भेट, आपण काय शिकवतो ते सरळ सांग, त्यांनी हो म्हटलं तरच बसव. समारोपाला बक्षीस मात्र सगळ्यांना दे.