मराठी माध्यमातून आलेल्यांना पीएचडीसाठी इंग्रजी लेखनाची वेगळी परीक्षा द्यावी लागते का?

तुमचं एमए मराठीतून झालंय, आता पुणे विद्यापीठात इंग्रजीतून प्रबंध लिहायचाय, आणि परदेशात असते तशी लेखनाची चाचणी इथेही असेल ही भीती आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पीएचडी नियमावलीत अशी स्वतंत्र चाचणी नाही. पण म्हणून लेखन कुणी तपासत नाही असं समजू नका. कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा अभ्यासक्रम, किमान १२ क्रेडिटचं असतं, त्यात ५५ टक्के लागतात. संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता हा विषय त्यातच येतो. पुढे दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते.

खरी अडचण व्याकरणाची नसते, ते सुधारता येतं. मुलं अडकतात ती साम्य तपासणीत, म्हणजे प्रबंधातला मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतो हे सॉफ्टवेअरवर बघतात तिथे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० मध्ये सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावं लागतं, ४० ते ६० मध्ये वर्षभर सादर करता येत नाही आणि त्यावर गेलं तर नोंदणीच रद्द होते. अवतरणचिन्हात घालून स्रोत दिलेला मजकूर आणि संदर्भसूची यात धरत नाहीत.

इंग्रजीचा आत्मविश्वास नसला की माणूस मूळ वाक्य समोर ठेवून चार शब्द बदलतो. साम्य इथेच वाढतं. सॉफ्टवेअरला चुकवलं तरी ती चोरीच राहते, कारण मांडणी दुसऱ्याची असते. त्यापेक्षा लेख वाचून बंद करा, मुद्दा आणि पान क्रमांक वहीत मराठीत लिहा, आणि परिच्छेद फक्त वहीवरून इंग्रजीत उतरवा. नावं, सालं, आकडे शेवटी मूळ लेखाशी पडताळा. वाक्यं छोटी झाली तर होऊ द्या.

पूर्वसाहित्याच्या, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या प्रकरणात 'अमक्याने हे म्हटलं, तमक्याने ते म्हटलं' अशी रांग लावू नका. आधी प्रश्न ठरवा, मग त्यावर कोण सहमत, कोण नाही ते एका परिच्छेदात आणा. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, आपल्याच विषयाचे तीन-चार प्रबंध उघडून हे प्रकरण कसं बांधलंय ते बघा, फुकट आहे.

आणि पहिल्याच सहामाहीत दोन पानं लिहून गाइडना दाखवा. ती भाषेसाठी नव्हे, युक्तिवादासाठी तपासून द्या, असं स्पष्ट सांगा. नाहीतर लाल शाईत फक्त स्पेलिंग परत येतात.