यूट्यूब असताना एखादं विद्यापीठ कृष्णवर्णीय समाजासाठी लो-पॉवर टीव्ही केंद्र कशाला चालवतं?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकेत कृष्णवर्णीयांची म्हणून ओळखली जाणारी काही विद्यापीठं आपल्या शहरापुरतं लो-पॉवर, म्हणजे कमी शक्तीचं छोटं टीव्ही केंद्र चालवतात. ते दिसणार फार तर एका शहरात. तेच कार्यक्रम यूट्यूबवर टाकले तर जगभर दिसतील. मग मनोरा, ट्रान्समीटर, परवाना हा खटाटोप कशासाठी?

मी प्राध्यापक नाही, पत्रकारही नाही. पण माझी सगळी नोकरी लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रात गेली, म्हणून या प्रश्नाने मला बसू दिलं नाही. तालुक्याचं गाव, गावाबाहेर टेकाडावर दोन खोल्या, अंगणात मोठी डिश, आत शंभर वॉटचा ट्रान्समीटर आणि मागे मनोरा. डिशवर उपग्रहाकडून कार्यक्रम यायचा, तो आम्ही आसपासच्या गावांना द्यायचो. दर तासाला मीटर बघायचे, फॉरवर्ड पॉवर किती, रिफ्लेक्टेड पॉवर किती, व्होल्टेज किती, हे नोंदवहीत लिहायचं. वीज गेली की पळत जाऊन जनरेटर लावायचा. मॅच असली आणि जनरेटर लवकर चालू झाला नाही, तर माणसं सायकलवरून टेकाडावर यायची.

आमच्याकडे कॅमेरा नव्हता. साधा माइकसुद्धा नव्हता. एका पावसाळ्यात रात्री नदीला पाणी चढलं आणि बाजाराकडचा पूल पाण्याखाली गेला. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार. पहाटे आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या आणि टेम्पो निघणार, हे मला कळत होतं. त्या सगळ्या गावांतले टीव्ही माझ्या ट्रान्समीटरवर चालत होते, आणि पुलावर जाऊ नका एवढं एक वाक्य मी त्यांच्यापर्यंत पोचवू शकत नव्हतो. यंत्र बिघडलेलं नव्हतं. केंद्राची रचनाच अशी होती की आम्ही फक्त पुढे पाठवायचं, स्वतःचं काही घालायचं नाही. शेवटी पोलिसपाटलांनी माणसं धाडली. ती रात्र मी विसरलेलो नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

अमेरिकेत लो-पॉवर टीव्हीचे नियम १९८२ साली झाले. आमच्या केंद्रात आणि त्यांच्या केंद्रात मोठा फरक हा, की परवाना मिळाला की केंद्र स्वतःचे कार्यक्रम दाखवू शकतं. स्वतःचा स्टुडिओ, स्वतःच्या बातम्या, स्वतःची माणसं. शक्तीवर मात्र मर्यादा आहे. आजच्या डिजिटल यूएचएफ पट्ट्यात लो-पॉवर केंद्राला १५ किलोवॉटपर्यंत परवानगी मिळते, तर पूर्ण शक्तीच्या केंद्राला १००० किलोवॉटपर्यंत. (हे आकडे अँटेनातून बाहेर पडणाऱ्या शक्तीचे आहेत, ट्रान्समीटरचे नव्हेत. आमच्या शंभर वॉटशी थेट तुलना करू नका.) खर्च त्या मानाने कमी, त्यामुळे एखादं कॉलेज, चर्च किंवा छोटी संस्थाही असं केंद्र चालवू शकते.

आता कृष्णवर्णीय समाजाला हे का हवं होतं, हे समजून घ्यायचं तर मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात जावं लागेल. तिथे डब्ल्यूएलबीटी नावाचं मोठं व्यावसायिक टीव्ही केंद्र होतं. त्याच्या मुख्य क्षेत्रात राहणाऱ्या लोकांपैकी सुमारे ४५ टक्के कृष्णवर्णीय होते, पण पडद्यावर ते जवळजवळ नसायचेच. १९५५ साली राष्ट्रीय नेटवर्कवर थरगुड मार्शल यांचा कार्यक्रम लागला. हे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे वकील, पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. जॅक्सनमध्ये तो कार्यक्रम मध्येच थांबला आणि पडद्यावर पाटी आली: क्षमस्व, केबलमध्ये बिघाड. बिघाड काही झालेला नव्हता. मी आयुष्यभर खऱ्या बिघाडाची नोंद वहीत केली आहे. खोट्या बिघाडाची पाटी लावायला हात कसे धजले असतील, हे मला आजही कळत नाही.

१९६३ च्या मे महिन्यात शहराच्या महापौरांनी शहरातल्या वर्णभेदाबद्दल टीव्हीवरून आपली बाजू मांडली. दुसऱ्या बाजूलाही वेळ द्यावा लागतो हा त्या वेळचा नियम दाखवून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे तिथले कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांनी उत्तरासाठी वेळ मागितला आणि मिळवला. २० मे रोजी ते त्याच केंद्रावरून सतरा मिनिटं बोलले. १२ जूनला, म्हणजे तेवीस दिवसांनी, त्यांच्याच घराच्या दारात त्यांना गोळी घालून मारलं.

पुढच्या वर्षी, मार्च १९६४ मध्ये, युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टचे एव्हरेट पार्कर यांनी काही स्वयंसेवक तयार केले. १ ते ७ मार्च असा पूर्ण आठवडा या लोकांनी घरात टीव्हीसमोर बसून केंद्राने काय दाखवलं याची बारकाईने नोंद केली. कोण पडद्यावर आलं, कृष्णवर्णीय किती वेळ दिसले, त्यांना कसं संबोधलं. जिवाला धोका होता म्हणून त्यांची नावं गुप्त ठेवली. त्या नोंदी घेऊन ते सरकारी आयोगाकडे गेले आणि या केंद्राचा परवाना पुन्हा देऊ नका म्हणाले. आयोगाने म्हटलं, तुम्ही तर नुसते प्रेक्षक, तुम्हाला तक्रार करायचा अधिकारच नाही. प्रकरण न्यायालयात गेलं. १९६६ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की प्रेक्षकांना तो अधिकार आहे. आयोगाने तरीही १९६८ मध्ये परवाना वाढवून दिला, तेव्हा १९६९ मध्ये न्यायालयाने तोच रद्द केला. पुढे केंद्र तात्पुरतं एका ना-नफा संस्थेकडे गेलं आणि १९७२ मध्ये विल्यम डिल्डे तिथे महाव्यवस्थापक झाले. व्यावसायिक टीव्ही केंद्राच्या त्या खुर्चीवर बसलेले ते अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण यूट्यूबचं उत्तर यातच आहे. टीव्ही परवान्याची मुदत संपते, आणि नूतनीकरणाच्या वेळी शहरातला साधा माणूस उभा राहून हरकत घेऊ शकतो. केंद्र मोठं असो की लो-पॉवर, हा हक्क आहे. यूट्यूबवर तुमचं चॅनल एका सकाळी गायब झालं तर कोणत्या न्यायालयात जाणार? आणि पडद्यावर तुमच्या समाजाला काय दाखवावं याबद्दल त्या कंपनीला जाब विचारणार तो कोणत्या नात्याने?

त्याच जॅक्सन शहरात जॅक्सन स्टेट विद्यापीठ आहे. १९७० च्या मे महिन्यात पोलिसांनी तिथल्या वसतिगृहावर गोळ्या झाडल्या, दोन तरुण मेले. आज या विद्यापीठाचा ८८.५ वर स्वतःचा रेडिओ आहे आणि जेएसयू टीव्ही नावाची वाहिनी आहे. ज्या शहरात खोट्या बिघाडाची पाटी लागली, त्या शहरात कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅमेऱ्यामागे उभे राहतात. याची किंमत किती घरांत दिसतं यावरून ठरवायची नसते, असं मला अगदी मनापासून वाटतं.

या प्रकारचं सगळ्यात नावाजलेलं केंद्र मात्र वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाचं. ते लो-पॉवर नाही, पूर्ण शक्तीचं आहे, पण ते सुरू करण्यामागचा विचार हाच. हॉवर्डकडे १९७१ मध्ये रेडिओ आला, वॉशिंग्टन पोस्टच्या मालकांनी आपलं एफएम केंद्र विद्यापीठाला देऊन टाकलं म्हणून. कॅथी ह्यूज याच रेडिओच्या व्यवस्थापक होत्या, त्यांनी पुढे स्वतःची मोठी प्रसारण कंपनी उभी केली, आणि आज हॉवर्डच्या संज्ञापन विद्याशाखेला त्यांचंच नाव आहे. १७ नोव्हेंबर १९८० रोजी चॅनल ३२ वर टीव्ही सुरू झाला, तेव्हा नाव डब्ल्यूएचएमएम, १९९८ पासून डब्ल्यूएचयूटी. कृष्णवर्णीयांच्या मालकीचं हे अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक टीव्ही केंद्र.

हे मी पाहिलेलं आहे. २०१० मध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं मेरीलँडमध्ये सहा महिने होतो. तिच्याकडे केबल नव्हती. सवयीप्रमाणे मी एक टेबलावरचा अँटेना आणला, खिडकीत ठेवला, चॅनल स्कॅन केलं आणि अँटेना इंच इंच फिरवत सिग्नलची पट्टी बघत बसलो. शहराच्या बाजूला वळवल्यावर ३२.१ लागलं. संध्याकाळी तिथे कोजो नामडी यांचा ‘इव्हनिंग एक्स्चेंज’ लागायचा. गयानात जन्मलेला हा माणूस १९८५ पासून तो कार्यक्रम करत होता. आवाज शांत, समोरच्याला बोलू देणारा. विषय शहराचे. शाळा, घरं, निवडणुका. मला इंग्रजी निम्मं समजायचं, पण एक गोष्ट पहिल्याच दिवशी ध्यानात आली, की तिथे कृष्णवर्णीय माणूस गुन्ह्याच्या बातमीत नव्हता, तो टेबलाशी बसून आपल्या शहराबद्दल मत देत होता.

शेजारी एक वयस्क कृष्णवर्णीय बाई राहायच्या. लेक त्यांना मावशीसारखं मानायची. त्या कधी कधी नातवाला बघायला यायच्या आणि तोच कार्यक्रम लागलेला असला तर बसायच्या. कार्यक्रम संपला की मी चॅनल बदलायला जायचो, तर त्या हाताने थांबवायच्या. शेवटची नावं वर सरकायची ती सगळी वाचल्याशिवाय उठायच्या नाहीत. कॅमेरा, ध्वनी, प्रकाश. त्यांच्या भाचीची मुलगी हॉवर्डला शिकत असताना तिचं नाव एकदा असंच तिथे आलं होतं, तीन सेकंदांपुरतं. तेव्हापासूनची सवय.

विद्यापीठाने केंद्र चालवण्याचा अर्धा अर्थ मला त्यात दिसला. अमेरिकेत कृष्णवर्णीयांची अशी ऐतिहासिक विद्यापीठं शंभराच्या आसपास आहेत. तिथल्या मुलांना पुस्तकातून प्रसारण शिकवता येतं, पण ठरलेल्या वेळेला हवेत जायचंच आहे, चुकलं तर शहर बघणार आहे, हे पुस्तकातून येत नाही. मास्टर कंट्रोलला, म्हणजे कार्यक्रम जिथून हवेत सोडतात तिथे, बसलेल्या मुलाच्या हाताला जो घाम येतो ना, तोच शिकवतो. मला माहीत आहे, मला आलेला आहे.

अडचणीही सांगतो. लो-पॉवर केंद्राचा दर्जा दुय्यम. पूर्ण शक्तीच्या केंद्राला त्याचा त्रास झाला तर त्याने बाजूला व्हायचं, आणि मोठ्याचा त्रास मात्र सोसायचा. केबल कंपनीने ते दाखवलंच पाहिजे अशी सक्ती बहुतेक ठिकाणी नाही. १९९९ च्या कायद्याने काही केंद्रांना ‘क्लास ए’ म्हणून संरक्षण मिळालं, पण त्यासाठी रोज अठरा तास प्रसारण आणि आठवड्याला किमान तीन तास स्थानिक कार्यक्रम ही अट होती. बाकीची उघड्यावर. २०१७ मध्ये मोबाइल कंपन्यांसाठी टीव्हीच्या लहरींचा लिलाव पूर्ण झाला, तेव्हा साध्या लो-पॉवर केंद्रांना त्यात भागही घेता आला नाही, आणि अनेकांना आपलं चॅनल सोडून दुसरं शोधावं लागलं. त्यांच्या खर्चाची भरपाई करायचा कायदा झाला तो २०१८ मध्ये. हॉवर्डपुढेही त्या लिलावात लहर विकून मोठी रक्कम घेण्याचा पर्याय होता. २०१७ मध्ये विद्यापीठाने जाहीर केलं की केंद्र आमच्याकडेच राहणार. ती बातमी वाचून मी लेकीला रात्री फोन केला होता. पुढे २०२५ च्या जुलैत अमेरिकी संसदेने सार्वजनिक प्रसारणाचा १.१ अब्ज डॉलरचा निधी काढून घेतला, त्याचा भार अशाच केंद्रांवर पडतो.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे कम्युनिटी रेडिओ. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं स्पष्ट लिहिलं, त्यानंतर दारं किलकिली झाली. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी, म्हसवडची माणदेशी तरंग ही त्यातलीच. पण ते सगळं रेडिओपुरतं. विद्यापीठाला किंवा गावाला स्वतःचं हवेतलं टीव्ही केंद्र आपल्याकडे काढता येत नाही. आणि दुसऱ्याच्या माध्यमात आपल्याला जागा नाही म्हणून स्वतःचं उभं करायचं, हा विचार मराठी माणसाला परका नसावा. न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांनी १८२७ मध्ये स्वतःचं पहिलं वर्तमानपत्र काढलं. त्याच शहरात शिकून आलेल्या बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक काढला.

तुमचं कुणी वॉशिंग्टनच्या आसपास राहत असेल तर त्यांना एक साधा अँटेना घ्यायला सांगा. खिडकीत, शहराच्या दिशेने, जमिनीपासून जितका वर ठेवता येईल तितका. पुन्हा स्कॅन करायला विसरू नका, जागा बदलली की करावंच लागतं. ३२.१ लागेल. आणि कार्यक्रम संपल्यावर शेवटची नावं जाऊ द्या, मग बंद करा.