ऑटो-पॉज बंद केल्याशिवाय मैदानात उतरू नका

फुटबॉल मॅचमध्ये रेफरी म्हणून वेळ मोजताना तुमचं जीपीएस घड्याळ ३७ मिनिटं दाखवत होतं आणि लाइनमनचं ४०, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि पोटात गोळाच आला. घड्याळ बिघडलेलं नाही, बदलू नका. धावण्याचा मोड लावला असणार आणि ऑटो-पॉज चालू राहिला असणार. आपण थांबलो की तेही थांबतं. रस्त्यावर पळणाऱ्याला सिग्नलपाशी ते सोयीचं. आपण रेफरी मात्र फ्री किकला खेळाडूंची भिंत मागे सरकवताना, कार्ड लिहिताना उभेच असतो.

माझ्याबाबतीतही हेच झालं. मॅच सतरा वर्षांखालच्या मुलांची होती, ४० मिनिटांचे हाफ. एक पोरगा घोटा धरून पडला. स्ट्रेचर येईपर्यंत मी त्याच्याजवळून हललो नाही. घड्याळ मनगटावर थरथरलं असेल, पण त्या गोंगाटात कळलं नाही. म्हणजे दुखापतीचा वेळ घड्याळाने आधीच गाळला होता, आणि वर मी तोच वेळ वाढीव म्हणून पुन्हा दिला. त्या जादा मिनिटांत गोल झाला.

मला सगळ्यात महागात पडली ती पुढची चूक. मध्यंतरात लाइनमनने फरक दाखवला, आणि मी घाबरून दुसरा हाफ तीन मिनिटं आधीच संपवला. फुटबॉलचा नियम ७ स्पष्ट सांगतो, पहिल्या हाफमधली वेळेची चूक दुसऱ्या हाफची लांबी बदलून भरून काढायची नाही. नियम पाठ होता, नेमका तेव्हा आठवला नाही. हरलेल्या संघाने तक्रार केली आणि ती रास्तच होती.

राग येतो तो आयोजकांच्या कार्यालयाचा. मी चूक लेखी कबूल केली, घड्याळातली नोंद छापून नेली. कागद कुणी उलटूनही पाहिला नाही. ‘असलं घड्याळ घालायला परवानगी कुणी दिली?’ एवढंच विचारत राहिले. अहो, फिटनेस मोजणारं उपकरण वापरायची परवानगी रेफरीला देता येते, हे नियम ५ मध्येच आहे! तीन खेपा घातल्या, लेखी उत्तर आजवर नाही, आणि उरलेल्या सीझनमध्ये एकही मॅच मिळाली नाही. चुकीची शिक्षा मान्य आहे, पण काय ते कागदावर द्या ना. तेव्हा तुम्ही आयोजकांना आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

माझं मत, पटलं तर घ्या: वेळ साध्या डिजिटल घड्याळावर ठेवा, तेही न थांबवता. जीपीएस दुसऱ्या मनगटावर, मॅचनंतर बघण्यासाठी. त्याचा खरा उपयोग तिथेच आहे. नकाशा उघडला तेव्हा मला दिसलं की शेवटच्या वीस मिनिटांत मी मधल्या वर्तुळाच्या आसपासच घुटमळत होतो. पेनल्टीचे निर्णय चाळीस मीटरवरून देत होतो.

आकड्यांवर मात्र फार विसंबू नका. छोट्या वळणांत जीपीएस कोपरे कापतं, अंतर कमी भरतं. नोंद दर सेकंदाला होईल असं सेटिंग ठेवा. प्रत्येक कंपनीचा मेनू वेगळा, त्यामुळे ते कुठे सापडेल हे मी सांगू शकत नाही. फोनच्या सूचना बंद करा. आणि पावसाळ्यात टच लॉक लावाच, ओल्या बाहीने माझी नोंद दोनदा मध्येच बंद झाली आहे.

या मॅचचा रिपोर्ट अजून दिला नसेल तर फरक किती पडला ते आजच त्यात लिहून टाका.