विकर की वितंचक?

कराडला कृषी पदवी करणाऱ्या एका मुलीनं विचारलंय: 'एंझाइम'ला (सजीवांतल्या रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या द्रव्याला) शाळेत विकर शिकलो, जुन्या पुस्तकात वितंचक सापडलं. उसावरच्या टिपणात कुठला शब्द घालू? आणि रुबिस्कोला, म्हणजे पानात कर्बवायू धरणाऱ्या एंझाइमला, मराठी काय?

विकर घाल. परीक्षेपुरता निकाल झाला. पण वितंचक टाकून देण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते बघ. संस्कृतात तञ्च् म्हणजे आकसणं, घट्ट होणं. आतंचन म्हणजे दुधाला लावायचं विरजण. 'एंझाइम' तरी काय? १८७०च्या दशकात क्यूने या जर्मन शास्त्रज्ञानं ग्रीकवरून केलेला 'खमिरातलं' अशा अर्थाचा शब्द. आपल्याकडं खमिराच्या जागी विरजण आलं, इतकंच.

अडचण अशी, की बरीच एंझाइमं काहीच घट्ट करत नाहीत. लाळेतलं तर उलट पिष्टाचे तुकडे पाडतं. विकर म्हणजे बदल घडवणारं, ते सगळीकडं चालतं. फक्त 'विकार'ची सावली पडते. आमच्या भाच्यानं सातवीत 'विकरांमुळे रोग होतात' असं लिहून मार्क घालवले होते.

उसाच्या बाबतीत मात्र माझं मन वितंचकाकडं झुकतं. फडातलं एक पान उजेडासमोर धर (धारेनं बोट कापेल, जपून). शिरा किती दाट दिसतात! प्रत्येक शिरेभोवती पेशींचं कडं असतं. कड्याबाहेरच्या पेशींत पेप कार्बोक्सिलेज हे विकर पाण्यात बायकार्बोनेट होऊन आलेला कार्बन तीन कार्बनांच्या रेणूला जोडतं, चार कार्बनी आम्ल तयार होतं. ते कड्यात शिरतं, तिथं कर्बवायू पुन्हा सुटतो आणि रुबिस्कोच्या हाती लागतो. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? रुबिस्को कर्बवायू समजून ऑक्सिजनही धरून बसतं. पेप कार्बोक्सिलेज ऑक्सिजनला फसत नाही. चार कार्बनांची ही पहिली पायरी हवाई बेटांवरच्या संशोधकांनी १९६५ साली उसातच दाखवली, आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांनी हा मार्ग मांडला.

वाऱ्यावरचा वायू, आणि शेवटाला गुऱ्हाळात गुळाची ढेप. हवेला विरजण लागलं म्हणायला काय हरकत आहे? तेव्हा विकर लिही आणि एकदा तरी कंसात वितंचक येऊ दे.

रुबिस्कोला मात्र हात लावू नकोस. रिब्युलोजपासून ऑक्सिजनेजपर्यंत पसरलेल्या नावाचं ते लघुरूप, १९७९ साली डेव्हिड आयझेनबर्ग यांनी नाबिस्को या बिस्किट कंपनीच्या चालीवर थट्टेत केलेलं. थट्टेचं भाषांतर करायला गेलं की बिस्किटही जातं आणि विकरही.